परिशिष्टातली तिसरी वाट

एम.ए.साठी मी वन अर्थशास्त्र आणि नैसर्गिक संसाधन धोरण हा विषय घेतला, तेव्हा घरी कुणालाच तो नेमका काय आहे हे कळलं नाही. बाबांनी मेडशीच्या स्टँडवर ओळखीच्यांना सांगताना त्याचं ‘फॉरेस्टचं शिक्षण’ करून टाकलं. मग गावानं धरून चालायला सुरुवात केली की मी फॉरेस्टात साहेब होणार. मीही कुणाला दुरुस्त केलं नाही. ऐकायला बरं वाटत होतं.

विद्यापीठ लांबच्या शहरात होतं. पहिल्याच आठवड्यात आमच्या सरांनी प्रत्येकाला विचारलं, तुमच्या घराजवळचं जंगल कोणतं? कुणी मेळघाट सांगितलं, कुणी कोकणातलं कुठलं देवराईचं गाव. माझी पाळी आली तेव्हा मी वाशिम म्हणाले. सर हसले. वाशिमला जंगल कुठे आहे, तू सोयाबीनला जंगल म्हणतेस का, असं काहीतरी म्हणाले आणि वर्ग हसला. मी घाईघाईनं सांगायला गेले की मालेगाव तालुक्यात आमच्या बाजूला आहे, साग, धावडा, सालई आहे, आणि त्या घाईत माझ्या तोंडून ‘तिथे’ऐवजी ‘तठी’ निघून गेलं. पुढचे कित्येक दिवस माझ्या बाकामागून कुणी ना कुणी ‘तठी’ म्हणायचं.

महिन्याभरात मी बोलणं बदललं. ‘मले’चं ‘मला’ झालं, ‘काहून’चं ‘का’. घरी फोन करायचा तर खोलीबाहेर जाऊन करायची.

सर वाईट होते असं मला आजही म्हणवत नाही. शिकवायचे फार छान. जंगलाची किंमत कशी काढायची, फुकट मिळणाऱ्या वस्तूवर सगळे कसे तुटून पडतात, नियम कुणासाठी आणि कसा करायचा, हे सगळं ते इतकं सोपं करून सांगायचे की मला वाटायचं, आपल्या गावातलं सगळं गणित आता आपल्याला सुटणार. प्रबंधाचा विषय ठरवायची वेळ आली तेव्हा मी जळाऊ लाकूड घेतलं. आमच्याच गावाजवळचं जंगल, आणि डोक्यावर मोळ्या आणणाऱ्या बाया. सरांनी विचारलं की हे लोक बाहेरच्याला काही सांगत नाहीत, तुला आत शिरता येईल का? मी म्हणाले, मी बाहेरची नाही.

हे अर्धंच खरं होतं. आमचं घर गावात, आणि त्या बाया गावाबाहेरच्या तांड्यावरच्या. आमच्या वावरात निंदायला, सोयाबीन सोंगायला म्हणजे कापायला त्याच यायच्या. उरलेल्या दिवसांत जंगलातून मोळ्या आणायच्या. काही घरी जाळायच्या, काही गावात घरोघर टाकायच्या. दिवाळीनंतर तांडा अर्धा रिकामा व्हायचा, कारण बरीचशी माणसं ऊसतोडीला जायची. आमच्याकडे मोळी टाकणारी बाई माझ्या जन्माच्या आधीपासून येत होती. मी तिला मावशी म्हणायचे. मोळी अंगणात टाकून ती ओट्याच्या कडेला बसून चहा प्यायची. तिचा कप वेगळा होता, बाहेरच्या कोनाड्यात उपडा ठेवलेला असायचा. तो तिथे का असतो, हे मला त्या वयापर्यंत कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

सोंगणी संपत आली होती आणि ऊसतोडीची माणसं अजून निघाली नव्हती, तेव्हा मी प्रश्नावली घेऊन गावी आले. पहिले चार-पाच दिवस वाया गेले. बाया मला बसायला पोतं टाकायच्या, पाणी द्यायच्या, आणि सगळ्याच प्रश्नांना एकच उत्तर द्यायच्या, की त्या जंगलात जातच नाहीत, वावराच्या बांधावरच्या काटक्या आणतात. शेवटी मी मावशीला धरलं. तिनं तांड्यावरच्या हातपंपाशी चार बायांना उभं केलं आणि माझ्याकडे हात करून म्हणाली, ‘‘हे आपली हाये. म्या हिले अंगाखांद्यावर खेळवली. हिच्यापाशी बोला.’’

मग त्या बोलायला लागल्या.

त्यांच्यात एकजण होती, तिला सगळा तांडा धाकटी म्हणायचा. घरातल्या दोन जावांमधली ती धाकटी, म्हणून तेच नाव पडलं होतं. वय तिशीचं असेल. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी होती, पण मी तिला पहिल्या दिवसापासून ‘तू’ म्हणत होते आणि ती मला ‘ताई, तुमी’. सातवीपर्यंत शिकलेली. प्रश्नावलीच्या कागदावर मी काय लिहिते ते ती वाकून वाचायची, आणि चुकलं तर सांगायची. मी ‘आठवड्यातून किती मोळ्या’ असं विचारत होते, तर तिनं मला थांबवलं. म्हणाली, आठवडा असा नसते ताई, सोंगणीच्या दिवसांत एकही नाई अन् नंतर रोज, तुमी महिन्यानं इचारा. तिचं बरोबर होतं. मी सगळी प्रश्नावली पुन्हा लिहून काढली.

त्यात शेवटी एक प्रश्न होता, सरांनी खास घालायला लावलेला. उद्यापासून जंगलात जाणं बंद करायचं ठरलं, तर त्या बदल्यात तुम्ही किती घ्याल? बाकीच्या बाया हसायच्या आणि पदर तोंडाला लावायच्या. धाकटी हसली नाही. तिनं थोडा विचार केला आणि विचारलं, ‘‘देनारा कोन हाये?’’ मी म्हटलं, कुणी नाही, समज म्हणून विचारतेय. तर ती म्हणाली, ‘‘मंग समज म्हनून कायले इचारता? आमी समजून बसू अन् घरी चूल नाई पेटनार.’’ मी त्या रकान्यात ‘उत्तर नाही’ असं लिहिलं.

नुसत्या प्रश्नांनी भागणार नव्हतं. सरांना वाटा हव्या होत्या. बाया कुठून जातात, किती चालतात, कुठे वाकतात, कुठून परततात. मी मावशीबरोबर पहाटे निघायला लागले. फोनमध्ये एक ॲप होतं, खिशात ठेवून चाललं की त्यात वाटेची रेघ उमटत जायची. दोन वाटा सगळ्यांना ठाऊक होत्या आणि त्या वाटांवर आता काही उरलंही नव्हतं. हाताच्या बोटाएवढ्या काटक्या आणायला बाया अर्धा दिवस चालायच्या.

तिसरी वाट धाकटीनं शोधलेली होती. फॉरेस्टवाल्यांनी एका भागाला तार मारून रोपवन केलं होतं, आत जायला बंदी. त्या तारेची कडा जिथे नाल्यात उतरते तिथे एका पावसाळ्यात खालची माती वाहून गेली होती. तारेखालून सरपटून जाता यायचं. रोपवनातल्या झाडांना बाया हात लावत नव्हत्या, पण त्याच्या पलीकडे जुन्या धावड्याची वाळलेली लाकडं पडून होती, आणि तिथवर जायला दुसरी जवळची वाट नव्हती. सगळ्या तांड्यात सात बायांनाच ही जागा माहीत होती. आठवी मी.

तारेखालून पहिल्यांदा गेले त्या दिवशी मावशीनं माझ्या ओढणीत अडकलेला काटा काढला आणि फोनकडे बघून विचारलं, ‘‘हे काय करून राह्यलं?’’

‘‘वाट लिहून राह्यलं,’’ मी म्हणाले. तिच्याशी बोलताना मी माझ्या जुन्या बोलीत जायचे.

‘‘कायले?’’

‘‘अभ्यासाले. नाव नाई येनार त्यात कोनाचं.’’

मावशी काटा टाकून पुढे चालायला लागली. त्या संध्याकाळी धाकटीच्या दारात बसून मी वहीत नकाशा काढला, कारण फोनमधली रेघ नाल्यापाशी तुटली होती. धाकटीनं माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि नाल्याचं वळण सरळ करून दिलं. तारेखालची जागा कुठे येते तिथे एक टिंब काढलं. वाकडं जाऊ नये म्हणून जीभ दातांत धरून काढलं.

प्रबंधात मी दिलेला शब्द पाळला. एकाही बाईचं नाव नाही. सगळ्यांना आकडे दिले. धाकटी सहा नंबरची होती, मावशी एक. परिशिष्टात नकाशा टाकला, तीन वाटा तीन रंगांत, बाजूला जाण्यायेण्याच्या वेळा. सरांनी तो वाचून मला खोलीत बोलावलं आणि म्हणाले की असं तपशीलवार काम सरकारजवळसुद्धा नसेल. वर्गात त्यांनी माझं परिशिष्ट पडद्यावर दाखवलं. मागच्या बाकांवरून कुणी ‘तठी’ म्हटलं नाही. त्या दिवशी मी किती खूश होते हे लिहिताना आज माझी बोटं अडखळतात, पण होते हे खरं.

निकाल लागल्यावर सरांनी फोन केला. वनखात्यातल्या एका अधिकाऱ्याशी त्यांची ओळख होती. खात्याला आमच्या भागातल्या जळाऊ लाकडावर काही धोरण ठरवायचं होतं, त्यासाठी माझं काम ऐकायचं होतं. यातून पुढे काम मिळू शकेल असंही सर म्हणाले. मी लगेच हो म्हटलं. नवा ड्रेस शिवून घेतला.

खोलीत आठ-दहा जण होते. मी वीस मिनिटं बोलले. गॅसचा सिलेंडर घरात असूनही तो पुन्हा का भरला जात नाही, पर्यायी जळण दिल्याशिवाय बंदी का टिकत नाही, बायांना बरोबर घेऊन राखण कशी करता येईल, हे सगळं सांगितलं. त्यांनी चहा घेत ऐकलं. मग नकाशा पडद्यावर आला आणि कोपऱ्यातल्या एका गणवेशातल्या माणसानं कप खाली ठेवला. तो उठून जवळ आला आणि विचारलं, ही तिसरी वाट रोपवनातून कशी जाते? आत जायला जागा कुठे आहे?

मी टिंबावर बोट ठेवलं.

‘‘परत किती वाजता येतात?’’

‘‘सकाळी आठच्या सुमारास,’’ मी म्हणाले.

असं पुष्कळांना वाटेल की मला तेव्हा कळलं नसेल. कळलं होतं. ‘आठ’ हा शब्द तोंडातून सुटला तेव्हाच कळलं होतं. मला थांबता आलं असतं. आठवत नाही, वेळा बदलतात, असं काहीही सांगता आलं असतं. पण त्या माणसाआधी कुणीच मला एकही प्रश्न विचारला नव्हता, आणि त्याच्या प्रश्नांची उत्तरं त्या खोलीत फक्त माझ्यापाशी होती.

दिवाळीला घरी आले तर अंगणात मोळी नव्हती. आई गॅसवर शेव तळत होती. तिनंच सगळं सांगितलं. आठ दिवसांपूर्वी गावातली सोंगणी आटोपल्यावर बाया पहिल्यांदा जंगलात गेल्या होत्या. परतताना फॉरेस्टवाले नाल्यात बसूनच होते. सात बाया तारेखालून एकेक करून निघत होत्या आणि पलीकडे एकेकीला धरत होते. मोळ्या आधी तारेवरून पलीकडे टाकलेल्या, त्या जमा केल्या. कुऱ्हाडी आणि विळे घेतले. मावशी शेवटची होती. पुढचा आरडाओरडा ऐकून ती मागे फिरली, तिचं लुगडं तारेत अडकलं आणि ती हातावर पडली. मनगट मोडलं. सगळ्यांना फॉरेस्टच्या लाकूड डेपोच्या आवारात दुपारपर्यंत उन्हात बसवून ठेवलं, पुढे मोळ्या मांडून फोटो काढले. मावशी त्या फोटोत हात मांडीवर घेऊन बसली आहे. दवाखान्यात तिला संध्याकाळी नेलं.

मी विचारलं, त्यांना वाट कशी कळली?

आई शेव उलटवत म्हणाली, ‘‘धाकटीनं सांगतलं म्हनतात. तिचा मोठा दीर फॉरेस्टात रोजंदारीवर हाय ना.’’

ते खरं होतं. तिचा दीर उन्हाळ्यात वणवा विझवायला फॉरेस्टवाल्यांकडे कामाला जायचा. शिवाय वाट तिनंच शोधलेली. तांड्यानं दोन्ही गोष्टी जोडल्या. धाकटी स्वतःही त्या दिवशी पकडली गेली होती, तिचीही कुऱ्हाड गेली होती, पण ते नाटक होतं असं सगळ्यांनी ठरवलं. हातपंपाशी ती आली की बाया भरलेले हंडे घेऊन निघून जायच्या. बाहेरगावच्या उरलेल्या सोंगणीला सगळ्या मिळून ऑटोतून जात, त्यात तिला बसू देईनात. तिच्या जावेनं चूल वेगळी केली. दिरानं फॉरेस्टचं काम यापुढे करणार नाही असं सांगून टाकलं, म्हणजे लोकांची खात्री पटेल की आपलं तिकडं काही नाही. तर लोक म्हणाले, पाहा, आता भेला.

हे सगळं आईनं मला शेवेचा एक घाणा तळून होईपर्यंत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मावशीकडे गेले. ती दारात बाजेवर बसली होती, हात प्लास्टरमध्ये. प्लास्टर मळलं होतं आणि त्याच्या काठाशी ती काडीनं खाजवत होती. मी लाडू नेले होते. डबा तिनं बाजूला ठेवला, उघडला नाही. तिच्या सुनेनं चहा दिला. मी हाताबद्दल विचारलं. ती म्हणाली, हाड बसलं तं बसलं, नाई तं असंच राहीन. मग धाकटीबद्दल बोलली. जिनं वाट दाखवली तिनंच विकली, असं म्हणाली. मी कपाकडे बघत होते.

थोड्या वेळानं तिनं माझ्याकडे पाहिलं.

‘‘तुहा कागद तं नाई ना गेला कुठं?’’

आजवर मला पुष्कळ परीक्षकांनी प्रश्न विचारले. इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नाही.

‘‘नाई मावशी,’’ मी म्हणाले. ‘‘त्यात तं कोनाचं नाव बी नाई.’’

‘‘हो ना,’’ ती म्हणाली. ‘‘म्या म्हनलंच होतं साऱ्यायले. थे आपली पोरगी हाये.’’

मी चहा संपवला. उठताना तिनं मला जवळ बोलावलं आणि चांगल्या हातानं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. उजव्या हाताला प्लास्टर होतं, त्यामुळे तिनं डाव्या हाताची बोटं आपल्या कपाळावर मोडली. ती नीट मोडली नाहीत, तिनं पुन्हा मोडली.

ठरल्यापेक्षा तीन दिवस आधीच मी निघाले. बाबांना सांगितलं की एका ठिकाणी मुलाखत आहे. मुलाखत खरंच होती, फक्त पुढच्या आठवड्यात. बाबा मला मेडशीच्या स्टँडवर सोडून गेले. एसटीला वेळ होता. मी पाण्याची बाटली घेऊन वळले तर धाकटी उभी होती. ती तांड्यावरून चालत आली होती. चपलेचा अंगठा तुटलेला, तो तिनं सुतळीनं बांधला होता.

तिनं कशा आहात, कधी आलात असलं काही विचारलं नाही.

‘‘ताई, थो नकाशा कोनाले दाखवला?’’

‘‘परीक्षेला दिला,’’ मी म्हणाले.

‘‘परीक्षा कोन घेते? गार्ड घेते का?’’

मी इकडेतिकडे पाहिलं. आजूबाजूला माणसं होती. तिचा आवाज चढलेला नव्हता. ती मला एखादा प्रश्न चुकला आहे असं दाखवून देत होती, जशी प्रश्नावली बघताना द्यायची तशीच. म्हणाली की गार्डांनी त्या दिवशी धरताना आपसात म्हटलं होतं, नकाशात दाखवलं तिथेच जागा आहे. तो नकाशा शब्द तिनं ऐकला. तिनं हे तांड्यावर सांगून पाहिलं. कुणी ऐकलं नाही.

‘‘माहं आता कोनी ऐकत नाई. तुमचं ऐकतीन,’’ ती म्हणाली. ‘‘तुमी फक्त माह्यासंगं चला अन् सांगा. तुमाले कोनी काई म्हननार नाई. माफी बी मांगू नका. इतलं सांगा का हिनं नाई सांगतलं.’’

मी म्हणाले, सांगते. पुढच्या वेळी आले की नक्की सांगते, आत्ता गाडी आहे. ती म्हणाली, पुढच्या वेळेपर्यंत टोळ्या निघून जातीन, आमची टोळी मले नेत नाई म्हनते, आज सांगतलं तं नेतीन. ऊसतोडीला जोडी लागते आणि टोळी लागते. टोळीनं टाकलं तर नवरा-बायको दोघांचंही काम गेलं. हे मला नीट माहीत होतं. माझ्या प्रबंधात स्थलांतरावर एक आख्खं प्रकरण होतं.

एसटी आली. मी चढले. खिडकीची जागा मिळाली आणि ती अशी होती की धाकटी समोरच दिसत होती. तिनं हात केला नाही की शिवी दिली नाही. गाडी हलेपर्यंत ती तिथेच उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी फोन काढला आणि काहीतरी वाचायला लागले.

त्या मुलाखतीत मला काम मिळालं. धोरणांवर टिपणं लिहिणारी एक संस्था होती. तिथे मी जंगलावर, पाण्यावर, गायरानांवर लिहू लागले. ‘स्थानिक समुदायाचा सहभाग’ हा शब्दप्रयोग माझ्या हातून इतक्या वेळा लिहून झाला आहे की तो टाइप करताना मला बघावं लागत नाही. सर अधूनमधून फोन करायचे. त्यांच्या नव्या विद्यार्थ्यांना माझा प्रबंध नमुना म्हणून देतात असं एकदा आनंदानं म्हणाले. मी त्यांना गावात काय झालं ते कधीच सांगितलं नाही.

तांड्यावरचं आईकडून कळत राहिलं. धाकटीला तिच्या टोळीनं नेलं नाही. ती आणि नवरा आसेगावकडच्या कुठल्या टोळीबरोबर गेले, उन्हाळ्यात परतले नाहीत. नाल्यातली ती जागा फॉरेस्टवाल्यांनी दगड घालून बुजवली. बाया आता विरुद्ध बाजूच्या जंगलात जातात, सकाळी निघालेल्या दुपारी येतात. मावशीचं मनगट वाकडंच बसलं. तिला मोळी बांधता येत नाही म्हणून तिनं येणं सोडलं.

दोन वर्षांनी मी आईला सगळं सांगितलं. ती गहू निवडत होती. तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘आता सांगून काय होते? गप राय. बाबाले तं सांगूच नको.’’ आणि पुन्हा निवडायला लागली.

पण तेवढ्यानं माझं भागेना. मी मावशीकडे गेले. तिची सून कामाला गेली होती, ती एकटीच होती. मी बसले आणि एका दमात बोलून टाकलं. कागद गेला होता, मीच दाखवला, मीच वेळ सांगितली, धाकटीचा काही संबंध नव्हता. बोलताना मी रडले. मावशी माझं रडणं थांबायची वाट बघत बसली. मग म्हणाली, ‘‘मले तवाच मालूम होतं.’’

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

‘‘साऱ्यायले मालूम होतं,’’ ती म्हणाली. ‘‘गार्ड नकाशा नकाशा करून राह्यला होता. नकाशा आमच्यात कोनाले काढता येते?’’

‘‘मग मले काहून इचारलं?’’

‘‘तू काय म्हनते ते पाहून राह्यली होती.’’

मी विचारलं, मग धाकटीवर का घातलं? मावशीनं तो वाकडा हात गुडघ्यावर नीट ठेवला. रागानं नाही, एखाद्या लहान पोरीला समजावतात तसं सांगितलं, ‘‘तुमच्या वावरात आमी साऱ्या कामाले येतो. तुह्या बापाच्या पोरीवर कोन बोट दाखवन? अन् कोनावर तं घालाच लागते. तिच्या मांगं कोनी नव्हतं.’’

मी म्हणाले की आता तरी सगळ्यांना सांग, तिला परत बोलवा. मावशी म्हणाली की आता तिची जागा भरली, टोळीत दुसरी जोडी आली, तिच्या वाटणीच्या खोलीत जावेचा मोठा मुलगा बायको घेऊन राहतो. तिला बोलावलं तर ठेवायचं कुठे? शिवाय तिला टाकली हे चूक होतं असं म्हणायचं, तर ते साऱ्यांनाच म्हणावं लागेल. मग तिनं विचारलं की यंदा बाबा सोंगणीला किती बाया घेणार आहेत, तिच्या सुनेचं नाव तेवढं सांगून ठेव. मी सांगते म्हणाले. ते मात्र मी घरी जाऊन सांगितलं.

धाकटीचा नंबर मिळायला बरेच दिवस लागले. शेलूबाजारला तिचा एक चुलतभाऊ जीप चालवायचा, त्यानं आधी नाही म्हटलं, मग दिला. मी शहरातल्या माझ्या खोलीतून दुपारी फोन लावला. मागे कसल्या तरी यंत्राची घरघर होती. मी कोण ते सांगितलं. पलीकडे यंत्र चालू राहिलं. मी म्हणाले की मी मावशीला सगळं सांगितलंय, आणि पुढे माफीचं जे ठरवून ठेवलं होतं ते सुरू करणार, इतक्यात तिनं मला थांबवलं.

‘‘ताई, नंबर कोनं देला?’’

मी सांगितलं.

‘‘बरं. आता आनखी कोनाले देऊ नका,’’ ती म्हणाली. ‘‘मी कुठं हाये ते कोनाले सांगू नका. इतलं करा.’’

मी हो म्हटलं. तिनं माझं हो ऐकलं की नाही कोण जाणे, फोन बंद झाला होता.